परत आलेलं कांबळं

रेडमंडजवळ,
११ जून २००६

ती. मावशी,

नमस्कार. फोनवर तुला माझं अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू तुझ्या मनाने ऐकतेस, म्हणून पुन्हा कागदावर आले. गेल्या खेपेला तू विचारलंस, "दिवसभर करतेस तरी काय?" आणि मी "घर" म्हटलं, ते तू "ज्वर" ऐकलंस आणि आठवडाभर काळजी केलीस!

तर आता खरं उत्तर. माझ्या पासपोर्टावरचा शिक्का मला देवदत्तची बायको म्हणून ओळखतो, त्यापलीकडे नाही. अमेरिकेत पगाराची नोकरी करायला बंदी. फुकट राबायला मात्र कोणी अडवत नाही. म्हणून मी गावातल्या लायब्ररीत जाते. तिथली मुख्य बाई जोॲन, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, उत्साही आणि मनाने खरंच चांगली. तिने मला एका कमिटीत ओढलंय.

आमचं हे गाव नदीवर आहे. लाकडाची गिरणी निघाली आणि गाव वसलं, असं इथल्या पाटीवर लिहिलंय. गिरणी निघायच्या आधी त्याच जागी मूळ लोकांची लांबच लांब लाकडी घरं होती आणि ती जाळून जागा मोकळी केली, हे पाटीवर नाही. यंदा गावाला शंभर वर्षं होतात. त्या निमित्ताने ऑक्टोबरात त्या लोकांच्या कलेचा एक दिवस करायचा, कोरीवकाम, टोपल्या, विणकाम मांडायचं, आणि मेयरने सगळ्यांसमोर माफी मागायची, असं ठरतंय. 'रिकन्सिलिएशन'. मराठीत काय म्हणू? समेट?

कमिटीत त्या लोकांच्या वतीने ॲग्नेस नावाच्या आजी येतात. ऐंशीच्या आसपास वय. बैठकीतसुद्धा रेनकोट काढत नाहीत. जोॲनने त्यांना विचारलं, "त्या दिवशी तुम्ही विणून दाखवाल का?" त्या म्हणाल्या, "दाखवेन. पण माझ्या आजीने विणलेलं कांबळं एका म्युझियममध्ये आहे. त्या दिवशी ते इथे येऊ शकेल का?"

मग जोॲन म्हणाली, "आपण विचारून बघू या." मी नागपूरला हातमागाचा डिप्लोमा केलाय हे कळल्यावर ॲग्नेसनी मला घरी बोलावलंय.

सावनी मजेत. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. काका कसे आहेत? त्यांनी पत्राखाली दोन ओळी लिहायचं का बंद केलंय?

तुझी,
गिरिजा

•

परतवाडा,
३० जून २००६

चि. गिरिजा,

सुखी राहा. तुझं पत्र मोठ्याने वाचलं, यांनीही ऐकलं. तिकडचे इंडियन म्हणजे आपले लोक नव्हेत, हे मला ठाऊक आहे. पण शेजारच्या शोभाला समजावता समजावता जीव गेला. ती म्हणे, "आपलीच माणसं तर मग माफी कशाची?" शेवटी मी म्हटलं, "बाई, कोलंबस चुकला आणि त्याची चूक त्यांच्या नावाला चिकटली." तेव्हा कुठे गप्प बसली.

समेट हा शब्द मला पटत नाही. समेट म्हटलं की भांडण दोघांनी केलं असं वाटतं. मनोमीलन म्हणू नकोस, ते पुढाऱ्यांचं होतं. माफी तर माफी म्हणा आणि मोकळे व्हा.

आणि एक सांगते. इथे जिल्ह्याच्या महोत्सवाला मेळघाटातल्या कोरकू बायांना आणलं होतं नाचायला. पाहुणे यायचे म्हणून त्या दुपारभर उन्हात साजशृंगार करून उभ्या. पाहुणे आले, नाच झाला, टाळ्या झाल्या, आणि जेवणाची कुपनं त्यांच्यापर्यंत आलीच नाहीत. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा तुझ्या त्या आजीबाईंना आधी खुर्ची आणि जेवण द्या, मग कला बघा.

हे मजेत आहेत. लिहायचा कंटाळा करतात एवढंच. परवा देवळातून दुसऱ्याच कोणाच्या चपला घालून आले, त्याही दोन वेगवेगळ्या! आम्ही खूप हसलो. तुला आशीर्वाद सांगितलाय.

ती घोंगडी त्यांच्या आजीची आहे तर परत का मागत नाहीत? नुसती बघायला कशाला बोलवायची?

तुझी मावशी,
शरयू

•

रेडमंडजवळ,
१९ ऑगस्ट २००६

ती. मावशी,

तू जे लिहिलंस तेच मी बैठकीत विचारलं. धीर करून हात वर केला आणि म्हटलं, "आणायचंच आहे तर परतच का मागू नये?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. ॲग्नेस मात्र माझ्याकडे बघत नव्हत्या, टेबलाकडे बघत होत्या. नंतर कळलं की त्यांच्या लोकांच्या ऑफिसने आधीही मागितलं होतं आणि उत्तर आलं नव्हतं. या वेळी गावाच्या मेयरचं पत्र सोबत गेलं. आणि मावशी, म्युझियम हो म्हणालं! कायमचं परत देणार. त्या दिवशी समारंभात!

जोॲन रडली. मीही रडले. ॲग्नेस म्हणाल्या, "बरं." आणि रेनकोटाची बटणं लावून निघून गेल्या. मला वाटलं, आनंद नाही झाला की काय.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. लहानसं घर, बाहेर गंजलेली गाडी, आत दोन खांबांचा उभा माग. आडवा दोरा फिरवायचा धोटा नाही, काही नाही, सगळं बोटांनी. आपल्याकडे ताणा-बाणा म्हणतात तो उभ्या-आडव्या धाग्यांचा हिशेब त्यांना सांगितला तर त्या म्हणाल्या, "मग तुला अर्धं येतंच." त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. बोटं वाकडी झालीत, पण दोरा हातात आला की सरळ होतात.

कांबळ्याची गोष्ट तेव्हा सांगितली. पूर्वी हे लोक पांढऱ्या, दाट केसांची कुत्री पाळत. मेंढीसारखे त्यांचे केस कातरून, त्यात डोंगरबकऱ्याची लोकर मिसळून सूत काढत. ती कुत्र्यांची जात आता जगात नाही. हे कांबळं त्या सुताचं. ॲग्नेसची आई लहान असताना एक सरकारी साहेब आला, कांबळं फार सुंदर आहे, शहरात लोकांना दाखवून आणतो म्हणाला, आणि घेऊन गेला. ॲग्नेसनी ते कधी पाहिलेलंच नाही. आईकडून ऐकलंय फक्त.

त्यांच्यात नाव ठेवतात ते जन्माला आल्याबरोबर नाही. मूल थोडं मोठं झालं की घराण्यातल्या गेलेल्या माणसाचं नाव त्याला देतात, तेव्हा खांद्यांवर कांबळं पांघरतात आणि चारचौघांना साक्षी ठेवतात. तोवर ते नाव कोणी उच्चारत नाही, ते विसावा घेत असतं असं मानतात. ॲग्नेसना त्यांच्या आजीचं नाव आपल्या नातीला द्यायचंय. नात टेस, पाच वर्षांची, त्यांच्या लेकीची, डोनाची मुलगी. "तिच्या अंगावर तेच कांबळं," एवढं म्हणून त्या उठल्या आणि चहा ठेवायला गेल्या. चहा ठेवायला त्यांना फार वेळ लागला. तेव्हा मला त्यांचं ते 'बरं' कळलं.

नाव समारंभात द्यायचं नाही, नंतर घरी, आपल्या माणसांत. मला बोलावलंय.

काकांना हे सगळं वाचून दाखव. त्यांना आवडेल.

गिरिजा

•

परतवाडा,
६ सप्टेंबर २००६

चि. गिरिजा,

वाचून अंगावर काटा आला बघ. बोलायला लाजणारी पोर परक्या मुलखात हात वर करते, याचं मला कौतुक वाटलं. तुझी आई असती तर आळीभर सांगत फिरली असती. तिच्या वतीने मीच फिरले.

यांना वाचून दाखवलं. कुत्र्यांच्या केसांचं सूत म्हटल्यावर बराच वेळ विचार करत होते. मग म्हणाले, "त्या कुत्र्यांना थंडी वाजत असेल." आता काय बोलायचं!

इकडे माकडांचा त्रास वाढलाय म्हणून फाटकाला कुलूप घालून घेतलंय. किल्ली माझ्या कमरेला. त्यामुळे कुठे फार जाणं होत नाही, देवळातही नाही. संजय औरंगाबादहून महिन्यातून एकदा आम्हा आईबापांना भेटून जातो. तू काळजी करू नकोस.

नामकरणाला जाशील तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नकोस. पोरीला काहीतरी ने. आणि मला सविस्तर लिही, एकही गोष्ट गाळू नकोस. हल्ली माझ्याकडे वाचायला तुझ्या पत्रांशिवाय दुसरं काही नसतं.

शरयू मावशी

•

रेडमंडजवळ,
२४ सप्टेंबर २००६

मावशी,

कसं लिहू कळत नाही. कांबळं विषारी आहे.

म्युझियमने पाठवण्याआधी तपासणी केली. त्या काळी लोकरीला कसर लागू नये म्हणून तिथले लोक कपड्यांवर सोमल, म्हणजे आर्सेनिक, फवारायचे. एकदा नाही, वर्षानुवर्षं. ते सूत ते विष पिऊन बसलंय. धुता येत नाही, धुतलं तर सूतच तुटेल. अंगावर घ्यायचं नाही, उघड्या हाताने शिवायचं नाही, लहान मुलाला जवळ येऊ द्यायचं नाही. पारदर्शक झाकणाच्या बंद पेटीतून ते येणार. सोबत हातमोजे आणि मास्क.

कोणी वाईट केलं नाही गं, हेच तर आहे. ज्याने फवारलं त्यालाही ते टिकवायचंच होतं. टिकलंय. म्युझियमचा माणूस फोनवर जोॲनला सांगताना सारखा "आय ॲम सॉरी" म्हणत होता. त्याचा आवाज खरा होता.

कमिटी बसली. एक जण म्हणाला, समारंभ पुढे ढकलू. दुसरी म्हणाली, पत्रिका गेल्यात, मेयरचं भाषण तयार आहे, त्या दिवशी विषाचं नाव नको, पेटी द्यायची, टाळ्या होऊ द्यायच्या, बाकीचं नंतर निवांत बोलू. मग जोॲन माझ्याकडे वळली. "गिरिजा, ॲग्नेसचा तुझ्यावर विश्वास आहे. तू त्यांना समजावशील?"

मी काय समजावणार? मी गेले. डोनाने त्यांना आधीच सांगितलं होतं. त्या मागासमोर बसल्या होत्या, विणत नव्हत्या.

"तू हात लावशील का त्याला?" त्यांनी मला विचारलं.

"हातमोजे घालून," मी म्हटलं.

"हातमोजे घालून मी माझ्या आजीला भेटू?"

त्यांनी लगेच पुढचं विचारलं,

"विष निघायला किती वर्षं लागतील?"

"माहीत नाही. कदाचित कधीच नाही निघणार. कोणीतरी संशोधन करतंय म्हणतात."

"मग टेसला काय सांगू?" असं विचारून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मावशी, माझ्याकडे डिप्लोमा आहे, मला लोकर कळते, रंग कळतात, कसर कळते, आणि मला एक शब्द सुचला नाही. त्यांनी समारंभाला यावं की येऊ नये, हेही मला सांगता येईना. तू असतीस तर काय म्हणाली असतीस? लवकर लिही.

गिरिजा

•

परतवाडा,
११ ऑक्टोबर २००६

चि. गिरिजा,

तुझं पत्र उशिरा मिळालं आणि हे तुला समारंभ होऊन गेल्यावर मिळेल. त्यामुळे माझ्या सांगण्याचा काही उपयोग नाही. तरी सांगते, मलाही काही सुचलं नसतं.

तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती, ती आता लिहिते. फाटकाचं कुलूप माकडांसाठी नाही. हे घर विसरतात. मागच्या वर्षापासूनच सुरू झालं होतं, अमरावतीच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषध नाही असंही सांगितलं. ऑगस्टात फाटक उघडं राहिलं आणि हे निघून गेले. संध्याकाळी चिखलदऱ्याच्या एस.टी.त बसलेले सापडले. कंडक्टर भला माणूस, घाट लागायच्या आत त्याने उतरवून घेतलं. त्याने विचारलं, "गुरुजी, कुठे जायचं?" तर म्हणाले, "शाळा सुटली की घरी." तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस, गिरिजा. नकाशा डोळे मिटून काढायचे.

परवा त्यांचा सदरा बदलायला हात लावला तर दचकले. म्हणाले, "बाई, तुम्ही कोण?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ती भल्या माणसाने परक्या बाईचा मान राखावा तशी.

मी रडगाणं गात नाही. लपवलं, कारण तू येऊ शकत नाहीस हे मला ठाऊक होतं, आणि येता येत नसताना कळणं फार वाईट. आता मात्र कोणाला तरी सांगावंसं वाटलं.

त्या ॲग्नेसबाईंना माझा नमस्कार सांग. त्या ओळखत नाहीत, तरी सांग.

शरयू

•

रेडमंडजवळ,
२९ ऑक्टोबर २००६

मावशी,

तुझं पत्र समारंभानंतर चार दिवसांनी आलं. पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं आणि तशीच बसून राहिले. सावनीला शाळेतून आणायला उशीर झाला. "व्हाय वर यू क्राइंग?" म्हणाली. काका म्हटलं. "विच काका?" म्हणाली. तिने त्यांना पाहिलं तेव्हा ती दोन वर्षांची होती.

देवदत्तला म्हटलं, मी जाते. तो नाही म्हणाला नाही. वकिलाला फोन लावला. देवदत्तने कंपनी बदलल्याचे कागद अजून मंजूर व्हायचेत, माझ्या व्हिसाचा शिक्का संपलाय. बाहेर पडले तर मुंबईच्या कचेरीत नवा शिक्का मिळेपर्यंत परतता येणार नाही. वकील म्हणाला, "जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण परत कधी येता येईल, तेही सांगू शकत नाही." फोन ठेवल्यावर देवदत्त भांडी घासायला लागला. घासलेलीच पुन्हा घासत होता. मावशी, मी येत नाहीये. हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते आणि तू रागावणार नाहीस म्हणून जास्तच.

समारंभाचं लिही म्हणाली होतीस, म्हणून लिहिते.

हॉल भरला होता. भिंतीवर टोपल्या, कोरलेले मुखवटे, नव्या मुलांनी काढलेली चित्रं, सगळं सुंदर मांडलं होतं. ॲग्नेसच्या लोकांना पहिल्या रांगेत खुर्च्या आणि सगळ्यांच्या आधी जेवण. ते मी पाहिलं, तुझ्या सांगण्यावरून. मेयरने माफी वाचली. जाळलेल्या घरांचं नाव घेतलं. एक म्हातारा गोरा माणूस उभा राहून म्हणाला, "माझ्या आजोबांनी ती गिरणी बांधली," आणि टोपी काढून खाली बसला. हे खोटं नव्हतं, मावशी. कोणी नाटक करत नव्हतं.

मग पेटी आणली. ॲग्नेस रेनकोटाशिवाय आल्या होत्या, त्या दिवशी पहिल्यांदाच. पेटीजवळ गेल्या. झाकणातून पिवळसर पांढरं कांबळं दिसत होतं, काठाला काळ्या-तांबड्या नागमोडी रेघा. इतकी घट्ट वीण मी आयुष्यात पाहिलेली नाही. त्यांनी झाकणावर दोन्ही हात ठेवले आणि आपल्या भाषेत हळू आवाजात बोलत राहिल्या. माइक बंद करायला खुणावलं. बराच वेळ. लोक उभे राहिले. हातमोजे शेजारच्या ताटलीत तसेच पडलेले.

टेस आजीच्या मागे उभी होती. म्युझियमच्या माणसाने कसली तरी खूणचिठ्ठी तपासायला झाकण जरा उचललं. पोरीला वाटलं, आता घ्यायचं. तिने हात आत घातला. आणि ॲग्नेसनी तो मनगटाशी पकडून मागे खेचला, जोरात, चुलीत हात घालणाऱ्या मुलाला खेचावं तसा. टेस घाबरून रडायला लागली. मागच्या लोकांना कळलंच नाही. त्यांना वाटलं भारावून रडते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबेनात.

ॲग्नेसनी नातीचं मनगट सोडलं नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्या हातात फुलांची टोपली होती, ती घेऊन मी नुसती उभी राहिले.

पेपरात फोटो आलाय. खाली लिहिलंय, जुनी जखम भरली.

तुझा नमस्कार त्यांना सांगितला. काकांबद्दलही सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्यांना तिची भीती वाटते का?" मी म्हटलं, "नाही, ते नम्रपणे बोलतात." त्या म्हणाल्या, "मग जमेल तिला."

गिरिजा

•

परतवाडा,
२० नोव्हेंबर २००६

चि. गिरिजा,

लाज वाटून घेऊ नकोस. आलीस तरी काय करणार होतीस? दोघी मिळून त्यांच्याकडे बघत बसलो असतो.

दिवस जातो. सकाळी बरे असतात, संध्याकाळी घाबरतात. शोभा येऊन बसते. संजय म्हणतो, औरंगाबादला या. नव्या घरी नेलं तर उरलंसुरलं विसरतील म्हणून मी जात नाही. चूक की बरोबर, देव जाणे.

पोरीचं नाव ठेवलं का? त्या कांबळ्याविना ठेवा म्हणावं. थांबू नका.

शरयू

•

रेडमंडजवळ,
४ मार्च २००७

मावशी,

बरेच दिवस लिहिलं नाही. तुझा निरोप मी ॲग्नेसना दिला होता. "नवं विणते, मग ठेवू," म्हणाल्या. मागावर चढवलं. मी रोज सावनीला शाळेत सोडून जायचे, सूत उकलून द्यायचे. जुनं कांबळं त्यांच्या लोकांच्या ऑफिसात एका कुलूपबंद खोलीत आहे. आठवड्यातून एकदा त्या तिथे जाऊन काचेतून बघायच्या, परत येऊन तशी वीण धरायच्या. नाताळपर्यंत हातभर झालं होतं. डोना म्हणायची, "आई, होऊ दे ना नाव, मग विण." त्या म्हणायच्या, "एवढी वर्षं थांबलंय, वसंतापर्यंत थांबेल."

जानेवारीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं. फेब्रुवारीत घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका येऊ शकतो. मग डोनाने थांबायचं नाही असं ठरवलं. गेल्या रविवारी त्यांच्या घरी सगळे जमले. मीही गेले, टेससाठी खणाचं परकर-पोलकं शिवून नेलं होतं.

मागावरचं अर्धवट कांबळं कापायला ॲग्नेसनी मानेनेच नको म्हटलं. मग डोनाने सोफ्यावरची, दुकानातली निळी, फुटबॉल टीमचं चित्र असलेली चादर उचलली आणि टेसच्या खांद्यांवर घातली. चार साक्षीदार उभे राहिले. ॲग्नेसना उशा लावून बसवलं.

नाव त्यांनीच उच्चारायचं होतं. ते दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं, मावशी. डोनालाही नाही. विसावलेलं नाव बोलायचं नाही, म्हणून त्यांच्या आईने फक्त त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आणि ती भाषा आता बोलतं तरी कोण? ऑफिसात दोघे शिकताहेत, पुस्तकावरून.

ॲग्नेसनी तोंड उघडलं. जीभ वळेना. एक आवाज आला. सगळे पुढे वाकले. डोना म्हणाली, "आई, पुन्हा एकदा." त्यांनी पुन्हा म्हटलं. ते पहिल्यासारखं नव्हतं. तिसऱ्यांदा आणखी वेगळं. त्यांना स्वतःला ऐकू येत होतं ना ते! त्यांनी डोकं जोरजोरात हलवलं, नाही, हे नाही, डाव्या हाताने हवेत काहीतरी दाखवत राहिल्या. डोळ्यांतून पाणी. शिकणाऱ्यांतला एक जण कागद घेऊन जवळ बसला, एकेक अक्षर म्हणून विचारायला लागला, "हे का? हे का?" त्या थकून मान टाकून पडल्या.

तेव्हा टेसने पहिल्यांदा जे ऐकलं होतं ते म्हणून दाखवलं. स्पष्ट, मोठ्याने. खोलीत सगळे ॲग्नेसकडे बघायला लागले. त्यांनी डोळे मिटले. ते हो होतं की नाही, कोणालाच कळलं नाही. साक्षीदारांनी ते नाव म्हटलं, एकामागून एक. मीही म्हटलं.

मग जेवणं झाली. टेस परकर नेसून घरभर नाचली.

ॲग्नेस बुधवारी गेल्या.

मी इथे लिहीत नाही ते नाव. मला ते बरोबर येतं की चूक, हे आता कोण सांगणार?

गिरिजा

•

परतवाडा,
२५ मार्च २००७

चि. गिरिजा,

पत्र मिळालं. वाचून देवापाशी दिवा लावला. पोर जे म्हणाली तेच नाव, असं माझं मत आहे. माझ्या मताला तिथे काय किंमत, पण मी आपलं धरून चालते.

इकडचं काल संध्याकाळचं सांगते. दिवेलागणीला हे अस्वस्थ झाले. मी पोळ्या करत होते. स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही फार केलंत आमच्यासाठी. आता उशीर झाला. तुमच्या घरी वाट बघत असतील. निघा."

मी म्हटलं, "अहो, हेच माझं घर."

ते इतके कानकोंडे झाले, गिरिजा! घाम फुटला त्यांना. परक्या बाईने घरात ठाण मांडलंय आणि आपल्याला बोलता येत नाही, असं झालं. मला ते बघवेना. मी गॅस बंद केला, पदराला हात पुसले, चपला घातल्या. "बरं, येते," म्हटलं. त्यांनी दारापर्यंत पोचवलं, "सांभाळून जा," म्हणाले. मी फाटकापर्यंत गेले. कुलूप तर माझंच. तिथे उभी राहिले. समोरून शोभाने विचारलं, "काय हो?" मी हातानेच काही नाही म्हटलं. जाऊ कुठे? मग परत फिरले आणि दाराची कडी वाजवली.

"कोण आहे?"

"मी."

त्यांनी दार उघडलं. चेहरा शांत झाला होता. "आपलं नाव?"

"शरयू."

"या ना," म्हणाले. "बसा. चांगलं नाव आहे."

मी बसले. त्यांनी पाणी आणून दिलं, फुलपात्रात, बशीवर ठेवून. पाहुण्याला देतात तसं. पोळ्या नंतर दोघांनी गारच खाल्ल्या.

आता आतून हाक मारताहेत. कोणाला मारताहेत ते ऐकू येत नाही. जाते.

शरयू